गाडी दाराशी, मालक दुसराच

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या दुसऱ्या कलमातली तिसावी व्याख्या ‘मालक’ या शब्दाची आहे. ज्याच्या नावावर गाडी नोंदली आहे तो मालक, इथपर्यंत कोणीही सांगेल. पण व्याख्या पुढे जाते. गाडी हायर-पर्चेसवर, लीजवर किंवा हायपोथिकेशनवर असेल, तर त्या कराराखाली ती ज्याच्या ताब्यात आहे तोच मालक. नागपूरच्या नंदनवनातल्या एखाद्या ट्रकवाल्याने हे वाचले तर त्याला बरे वाटेल. वाटू नये. २०१४च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने याच व्याख्येवर बोट ठेवून अपघाताच्या भरपाईतून एका बँकेची सुटका केली. कर्ज बँकेचे असले तरी गाडी ज्याच्या ताब्यात तोच मालक, असे ठरले. पुढे ऑक्टोबर २०२०मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात सांगितले, की हायर-पर्चेसच्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीची मालक फायनान्स कंपनीच असते आणि हप्ते थकले तर ती गाडी परत घेऊ शकते. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायद्याला धरून आहेत. पण एकाशेजारी दुसरा ठेवून पाहा. रस्त्यावर माणूस मेला तर गाडी तुमची, हप्ता चुकला तर गाडी त्यांची.

हप्त्यावरच्या गाडीची ही गत असताना आता एक-दोन गाड्यांच्या मालकापुढे आणखी एक कागद सरकवला जाऊ लागला आहे. त्याचे नाव लीज. डाउन पेमेंट नाही, विम्याची कटकट नाही, जुनी गाडी विकायला गिऱ्हाईक शोधायची धावपळ नाही; महिन्याला ठरलेले भाडे द्या आणि नवी कोरी गाडी चालवा. ऐकायला गोड आहे. मोठ्या ताफ्याच्या कंपनीसाठी ते बरेचदा शहाणपणाचेही असते. मात्र ज्याच्या घरात एकच स्टिअरिंग आहे आणि ते तो स्वतः धरतो, त्याने या कागदावर सही करण्याआधी दहा वेळा थांबावे, असे आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे.

नंदनवनाचेच नाव का? कारण हा माणूस इथे राहतो. जगनाडे चौकापासून हसनबाग, वाठोडा, खरबी, दिघोरीपर्यंतच्या पट्ट्यात रात्री मोकळ्या प्लॉटच्या कडेला लागलेल्या गाड्या पाहाव्यात. दहा चक्का, बारा चक्का, मधूनच एखादा चौदा चक्का. पाट्यांवर बरीचशी एमएच-४९, म्हणजे पूर्व नागपूरची मालिका. उत्तर-दक्षिण जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग याच शहरात एकमेकांना छेदतात. उमरेडचा कोळसा, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे, चंद्रपूरकडचे सिमेंट, रायपूर-भिलाईचे लोखंड, कळमन्याच्या बाजारातले धान्य आणि मिरची, बुटीबोरीचे कारखाने. एवढा माल वाहायचा म्हणजे गाड्या लागणारच. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबईच्या उंबरठ्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. रस्ता मोठा झाला की गाडी मोठी घ्यावीशी वाटते. लीज विकणाऱ्या एजंटालाही ते कळते.

आधी हिशेब करू. आकडे आमचे, केवळ समजण्यापुरते. गाडी रस्त्यावर येईपर्यंत ४० लाखांची धरा. दहा लाख पदरचे, तीस लाखांचे कर्ज, चार वर्षांची मुदत, व्याज आठ टक्के ‘फ्लॅट’. व्याजाचे ९ लाख ६० हजार होतात आणि हप्ता बसतो ८२,५०० रुपये. तीच गाडी लीजवर घेतली आणि भाडे ७०,००० ठरले, तर त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२,६०० धरून महिन्याला जातात ८२,६००. शंभर रुपयांचा फरक. चार वर्षांनी खरेदीवाल्याच्या दारात गाडी उरते, समजा सोळा लाखांची. लीजवाल्याच्या दारात काही उरत नाही, पण त्याचे दहा लाख सुरुवातीलाच वाचलेले असतात. ते त्याने सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर तेरा लाख झाले असते. म्हणजे तफावत सारी तीन लाखांची. तेवढ्यासाठी अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील.

विचारावेच. कारण एजंटही कागदावर नेमके एवढेच गणित मांडतो आणि ते खोटे नसते. ते अर्धे असते. पहिली गोष्ट, ज्याच्याकडे दहा लाख सुटे आहेत तो लीजकडे वळतच नाही. वळतो तो, ज्याच्याकडे ते नाहीत. एकटा ट्रकवाला डाउन पेमेंट उभे करतो ते जुनी गाडी मोडून, बायकोचे सोने ठेवून, कधी खरबीकडे घेतलेला प्लॉट विकून. हे करावे लागले की तो चारदा विचार करतो. लीजमध्ये ती अडचण काढून टाकलेली असते आणि तिच्याबरोबर विचारही. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. गणित चौथ्या वर्षाला थांबवले आहे. गाडी चौथ्या वर्षाला थांबत नाही.

नॅशनल परमिटच्या नियमानुसार साधी मालगाडी बारा वर्षांपर्यंत आणि मल्टी-अ‍ॅक्सल गाडी पंधरा वर्षांपर्यंत देशभर धावू शकते. म्हणजे चार वर्षांत कर्ज फेडलेल्या चौदा चक्क्याला हप्त्याशिवायची अकरा वर्षे मिळतात. इंजिनाचे काम निघते, पाटे बदलावे लागतात, टायर रिमोल्ड करून करून दमतात, आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, सगळे खरे. तरी महिन्याच्या पाच तारखेला जाणारे ८२ हजार थांबलेले असतात. भाडे कमी मिळाले तरी गाडी पोट भरते, दोन आठवडे उभी राहिली तरी घर चालते. ट्रकवाल्याने घराचा स्लॅब याच वर्षांत टाकलेला असतो, मुलीला केडीके कॉलेजात याच वर्षांत घातलेले असते, दुसरी गाडी घ्यायचे धाडसही याच वर्षांतले. या माणसाला ना पेन्शन ना प्रॉव्हिडंट फंड. हप्ता संपलेली गाडी हीच त्याची म्हातारपणची पुंजी. लीजवाल्याचे काय होते? पाचव्या वर्षी त्याच्यापुढे पुन्हा पहिला महिना येतो, तोही नव्या गाडीच्या नव्या भावाने. पन्नाशीला आलेला माणूस असेल आणि कंपनीने नवा करार नाकारला, तर तो परत दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर होतो. चार वर्षांत त्याने भरलेले ३९ लाख ६४ हजार ८०० रुपये कोणत्याही खात्यात त्याच्या नावाने दिसत नाहीत.

कराचा मुद्दा कोरडा आहे, पण खिसा तिथेच फाटतो. २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विकत घेणाऱ्याला हा दिलासा एकदाच आणि पूर्ण मिळतो, शिवाय कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. लीजच्या भाड्यावर मात्र गाडीच्याच दराने कर लागतो आणि त्या भाड्यात कंपनीने धरलेले व्याज, नफा, व्यवस्थापनखर्च असे सगळेच मुरलेले असते. मोठी वाहतूक कंपनी हा कर इनपुट क्रेडिटमधून वळता करू शकते. आपला एकटा माणूस गाडी ट्रान्सपोर्टवाल्याकडे लावतो; ट्रान्सपोर्ट एजन्सीला गाडी भाड्याने देणे करमुक्त आहे, म्हणून क्रेडिटही नाही. आयकराचेही तेच. १९६१च्या कायद्यातल्या ४४एई कलमाने दहापर्यंत गाड्यांच्या मालकाला मोठी सोय दिली. बारा टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिन्याला हजार रुपये उत्पन्न धरायचे आणि हिशेबाच्या चोपड्यांतून सुटायचे. हायर-पर्चेसवर किंवा हप्त्यांवर घेतलेली गाडीही त्या कलमात मालकीचीच धरली आहे. निव्वळ भाडेपट्ट्यावरच्या गाडीचा त्यात उल्लेख नाही. एजंटाच्या रंगीत पत्रकात हे वाक्य कुठल्या पानावर आहे?

आता उभ्या गाडीचे बोलू. ट्रकचा धंदा हा धावण्याचा नाही, थांबण्याचा धंदा आहे, असे आम्हाला कधी कधी वाटते. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, खाणीत पाणी भरते, कारखाना बिल्टीवर शिक्का मारायला तीन दिवस लावतो, रिटर्न भाडे न मिळाल्याने गाडी हैदराबादेत अडकते. उभी गाडीही खाते. चाळीस टनांवरच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२च्या दरपत्रकात ४४,२४२ रुपयांचा होता. नॅशनल परमिटचे वर्षाला साडेसोळा हजार वेगळे. आणि कधी संकट सरकारी राजपत्रातून येते. जुलै २०१८मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. ४९ टनांचा ट्रेलर कागदोपत्री ५५ टनांचा झाला, नवी गाडी न घेताच देशातली वहनक्षमता फुगली, आणि पुढच्या वर्षी मंदी आली तेव्हा भाड्यांचा भाव पडला. अशा वेळी गाडी नावावर असलेल्या माणसाकडे दोन-तीन वाटा असतात. गाडी विकून कर्ज मिटवता येते, मुदत वाढवून मागता येते, काहीच नाही तर लहान गाडी घेऊन तग धरता येतो. लीजवाल्याला गाडी विकता येत नाही, ती त्याची नाहीच. करार मध्येच सोडला तर उरलेल्या महिन्यांच्या भाड्याचा मोठा हिस्सा दंड म्हणून मागणारी कलमे अशा करारांत असतात. किलोमीटरची मर्यादा असते, गाडी परत देताना ओरखड्यांचा हिशेब असतो. उमरेडच्या खाणीत जाणाऱ्या गाडीला ओरखडे पडणार नाहीत तर काय.

इथेच खरी धोक्याची घंटा आहे, आणि ती अजून फारशी कोणी वाजवलेली नाही. गेल्या काही वर्षांत रिझर्व्ह बँकेने कर्जदाराभोवती थोडेफार कुंपण घातले आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचे झाले. खरा वार्षिक दर, सगळे आकार एका तक्त्यात, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. एप्रिल २०२४पासून थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज चढवून ते पुन्हा मुद्दलात घालायला मनाई आहे. गाडी ओढून नेण्याआधी नोटीस, विकण्याआधी शेवटची संधी, या गोष्टी करारातच लिहिलेल्या असाव्यात असा दंडक बिगरबँक वित्तसंस्थांना आहे. तक्रारीसाठी लोकपाल आहे, १४४४८ हा क्रमांक आहे. कोरोनाच्या काळात मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली, तीही मुदत कर्जांना. हे कुंपण सगळीकडे मजबूत आहे असा आमचा दावा नाही. सप्टेंबर २०२२मध्ये झारखंडच्या हजारीबागेत ट्रॅक्टरच्या वसुलीच्या वेळी एका गर्भवती तरुणीचा चिरडून मृत्यू झाला, तेव्हा ते किती तकलादू आहे हे देशाने पाहिले. पण त्या प्रकरणात रिझर्व्ह बँक संबंधित वित्तसंस्थेला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली करायला बंदी तरी घालू शकली. निव्वळ भाड्याने गाड्या देणारी एखादी कंपनी रिझर्व्ह बँकेच्या दफ्तरी वित्तसंस्थाच नसेल, तर तिला कोण बंदी घालणार? भाडेपट्टा हे कर्ज नव्हे. त्यामुळे कर्जाचे की फॅक्ट स्टेटमेंट त्याला लागत नाही. उरतो तो १८७२चा करार कायदा आणि दिवाणी न्यायालयाचा जिना.

लीज हा शब्द मराठी मध्यमवर्गाला अगदी नवा नाही. १९७३ साली मद्रासमध्ये फर्स्ट लीजिंग कंपनी ऑफ इंडिया निघाली, तिच्यामागे पुढच्या वीस वर्षांत गल्लोगल्ली लीजिंग कंपन्या उगवल्या आणि नव्वदीच्या अखेरीस त्यांतल्या बऱ्याच ठेवीदारांच्या पावत्यांसकट नाहीशा झाल्या. तेव्हा बुडाला तो पैसे ठेवणारा. आता बुडेल तो गाडी चालवणारा. असो.

नंदनवनात मात्र एक देशी लीज फार आधीपासून चालू आहे आणि तिच्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तिला इथे ‘चालू हप्त्यावर गाडी घेणे’ म्हणतात. पहिला मालक दुसऱ्या वर्षीच हप्त्यांनी टेकीला येतो. दुसऱ्याला बँक दारात उभी करत नाही. मध्ये एखादा दलाल असतो. वरचे दोन-तीन लाख रोख, पूर्वी शंभराच्या आणि २०२४पासून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का, आणि बोली अशी की उरलेले हप्ते नव्याने भरायचे, कर्ज फिटले की गाडी त्याच्या नावावर करून द्यायची. फायनान्स कंपनीला काही कळवायचे नाही. ‘गाडी आपलीच हाय ना भाऊ, फक्त कागद त्याच्या नावानं हाय,’ हे वाक्य या व्यवहाराचे सार आहे. आणि घातही त्याच वाक्यात आहे.

कारण कागद त्याच्या नावाने आहे म्हणजे सगळेच त्याच्या नावाने आहे. आरसी, परमिट, विमा, फास्टॅग, चलान, भाड्याच्या बिलावरचा पॅन. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, की गाडी चार हात फिरलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर. म्हणजे गाडी विकून मोकळा झालो असे समजणारा पहिला माणूस मोकळा झालेला नसतो. रायगडजवळ झालेल्या अपघाताची नोटीस त्याच्या नंदनवनातल्या घरी येते. दुसऱ्या बाजूने, २०२०च्या जूनमध्ये ट्रकच्याच एका प्रकरणात विमा कंपनीने ‘गाडी आधीच विकली होती’ म्हणून दावा नाकारला, तेव्हा न्यायालयाने नोंदणीकृत मालकाला विम्याची रक्कम मिळाली पाहिजे असे ठरवले. निकाल योग्यच. पण घाम गाळून हप्ते भरणाऱ्या दुसऱ्या माणसाने तो जरा निरखून वाचावा. गाडी जळाली, उलटली, चोरीला गेली तर पैसे येतील ते पहिल्याच्या खात्यात. पुढे त्याने ते द्यायचे की नाही, हा त्याच्या मनाचा प्रश्न. कर्ज फिटल्यावर एनओसी मिळते ती पहिल्याला. त्याचे दुसरे एखादे कर्ज त्याच कंपनीकडे थकलेले असेल तर एनओसी अडते. तो त्याच गाडीवर टॉप-अप उचलू शकतो. तो वारला तर गाडी त्याच्या वारसांची होते, आणि वारसांना नोटरीचा तो कागद आठवत नाही. आणि फायनान्सवाल्यांची माणसे गाडी ओढायला आली तर नाक्यावर उभ्या राहिलेल्या या दुसऱ्या माणसाला विचारायला एकच प्रश्न पुरतो: तुम्ही कोण?

या व्यवहारात उघड फसवणूक दर वेळी नसते. दोघे एकाच गल्लीतले, एकमेकांना भाऊ म्हणणारे, गणपतीत एकाच मंडपात बसणारे असतात. शब्दाला जागणारेही पुष्कळ आहेत. पण शब्द ज्या दिवशी मोडतो त्या दिवशी कागद ज्याच्याकडे नाही तो उघड्यावर येतो. कंपनीची छापील लीज आणि गल्लीतला स्टॅम्पपेपर यांत या एका बाबतीत काडीचाही फरक नाही. जोखीम एकाची, गाडी दुसऱ्याची.

पुढे काय वाढून ठेवले आहे त्याचा नमुना सातासमुद्रापार आहे. २००८ साली लॉस अँजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांनी हवा स्वच्छ करायची म्हणून जुन्या धुरकट ट्रकना टप्प्याटप्प्याने बंदी घातली. हेतू चांगला होता. नवी गाडी तिथल्या ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेर होती, त्यांतले बहुतेक स्थलांतरित. मग वाहतूक कंपन्यांनी स्वतः गाड्या घेतल्या आणि ‘लीज-टू-ओन’ म्हणून ड्रायव्हरांच्या गळ्यात घातल्या. दर आठवड्याच्या कमाईतून भाडे, विमा, डिझेल, दुरुस्ती कापून घ्यायची. काही आठवडे असे की हातात मूठभर डॉलर, काही असे की उलट देणेच निघे. आजारी पडला किंवा कामाला नाही म्हणाला की गाडी परत आणि भरलेले सगळे पाण्यात. यूएसए टुडे या वृत्तपत्राने २०१७ साली हे चव्हाट्यावर आणले. पुढे अमेरिकन काँग्रेसने यावर एक कृतिदल नेमायला लावले आणि जानेवारी २०२५मध्ये त्या दलाने अशा लीज-पर्चेस योजना सुधारण्यापलीकडे गेल्या आहेत, त्या बंदच करा, अशी शिफारस केली. सतरा वर्षे लागली.

आपल्याकडे तीच चाके आता फिरू लागली आहेत. बीएस-६ने २०२० साली गाडी महाग केली आणि डिझेलच्या टाकीशेजारी युरियाची टाकी आणली. ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या जड गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. उन्हाळ्यात नागपूरच्या रस्त्यावर स्टिअरिंग धरून पाहिलेला कोणीही तिला विरोध करणार नाही, पण किंमत वाढली हेही खरे. त्यापुढे विजेचा ट्रक आहे. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५मध्ये त्यालाही अनुदान जाहीर झाले, गाडीमागे जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार, सुमारे ५,६०० गाड्यांना, आणि अट अशी की जुनी गाडी भंगारात काढल्याचा दाखला हवा. डिझेलच्या गाडीपेक्षा कितीतरी महाग असलेली ही गाडी खरबीचा माणूस विकत घेऊ शकणार आहे का? नाही. म्हणजे ती लीजवरच येणार. धोरण स्वच्छ हवेचे, कागद भाडेपट्ट्याचा आणि त्याखाली सही आपल्या माणसाची. लॉस अँजेलिसला नेमके हेच झाले.

मग विकत घेणे म्हणजे सगळे आलबेल का? मुळीच नाही. वर मांडलेल्या हिशेबातला आठ टक्के ‘फ्लॅट’ व्याजदर घटत्या शिलकीवर काढला तर सव्वाचौदा टक्क्यांच्याही वर जातो. तोंडी सांगितलेला दर आणि खरा दर यांतली ही दरी की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये दिसते, म्हणून ते मराठीत मागून घ्यावे आणि घरी आणून शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावे. ट्रकची बहुतेक कर्जे स्थिर व्याजदराची असतात. त्यामुळे मुदतीआधी फेडल्यास किती आकार लागेल ते आधीच विचारावे, तरत्या दराच्या कर्जदाराला मिळणारी सूट इथे मिळेलच असे नाही. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने चाळीस लाखांच्या चौदा चक्क्याकडे पाहूच नये, असे आमचे मत आहे. चार-पाच वर्षे चाललेली, एका हाताची दहा चक्का घ्यावी. नाव लगेच बदलून, कर्जाची नोंद आरसीवर करून, आणि फेडल्यावर फॉर्म ३५ भरून ती नोंद उतरवूनच श्वास सोडावा. कर्ज फिटले तरी नोंद तशीच ठेवणारे कितीतरी आहेत, आणि विकायच्या दिवशी त्यांची पळापळ होते. मान ताठ ठेवण्यासारखी एक गोष्टही या माणसाला कोणी सांगत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्राहक’ शब्दाचा अर्थ लावताना स्पष्ट म्हटले आहे, की पोटासाठी स्वतः चालवायला ट्रक घेणारा माणूस व्यापारी नव्हे, ग्राहक आहे. म्हणजे ग्राहक आयोगाचे दार त्याला उघडे आहे.

सरकारकडे आमचे मागणे जुन्याच एका कागदापासून सुरू होते. १९७२ साली संसदेने हायर-पर्चेस कायदा केला. किमतीचा ठरावीक मोठा हिस्सा फेडलेल्या माणसाची वस्तू न्यायालयात गेल्याशिवाय परत घेता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापला गेला, आणि तो कधीही अमलात आला नाही. तेहतीस वर्षे नुसता पडून राहिला आणि २००५ साली रद्द करून टाकला. कर्ज देणाऱ्यांचे वजन किती होते ते यावरून कळावे. आज लीजच्या बाबतीत तेवढाही कागद नाही.

नितीन गडकरी २०१४पासून रस्ते वाहतूक खाते सांभाळत आहेत आणि तेव्हापासूनच ते याच शहराचे खासदार आहेत. महामार्गांच्या किलोमीटरचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो, त्या महामार्गांवरून जाणाऱ्या गाडीच्या कागदाचाही त्यांनी घ्यावा. पाच किंवा त्याहून कमी गाड्यांच्या चालक-मालकाला लीज देणारी कोणतीही संस्था, ती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत असो वा नसो, की फॅक्ट स्टेटमेंटसारखा तक्ता दिल्याशिवाय करार करू शकणार नाही, असा नियम व्हावा. करार मध्ये सोडण्याच्या दंडाला कमाल मर्यादा असावी आणि मुदत संपल्यावर आधीच ठरलेल्या किमतीला ती गाडी विकत घेण्याचा पहिला हक्क चालवणाऱ्याला असावा. विजेच्या ट्रकचे अनुदान लीज कंपनीच्या खात्यात जाणार असेल तर भाड्यात ते किती उतरले ते करारात आकड्याने लिहिलेले असावे. चालू हप्त्यावरची गाडी कर्जासकट दुसऱ्याच्या नावावर करण्याची सोपी, कमी फीची, फायनान्स कंपनीवर मुदतीचे बंधन घालणारी सोय परिवहन खात्याने द्यावी. मग निम्मे स्टॅम्पपेपर आपोआप सुटतील. परिवहन कार्यालयाच्या भिंतीवर लीज कराराचा एक सरकारी नमुना लावावा. तो मराठीत हवा, आणि चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या टायपात.